पटावरचे अफाट सैन्य

बुद्धिबळाच्या पटावरील प्यादे कधी आज्ञा मोडीत नाही. एक घर पुढे जा म्हटले की ते जाते. समोर मरण उभे दिसत असले तरी जाते. घोडा चिखलात रुतत नाही, उंट वाट चुकत नाही, हत्ती बिथरून आपल्याच प्याद्यांना तुडवीत नाही. म्हणूनच बुद्धिबळ हा विचारांचा अत्युत्कृष्ट खेळ असला, तरी तो सेनापतीच्या धंद्याचे चित्र नव्हे. रणांगणावर खऱ्या सेनापतीचा निम्मा जीव शत्रूशी झगडण्यात जातो आणि उरलेला निम्मा, दिलेला हुकूम योग्य माणसाला योग्य वेळी पोहोचला की नाही, या घोरात जातो. हा घोर पटावर आणण्याचे जे प्रयत्न गेल्या दोनशे वर्षांत झाले, त्यांतूनच लहान बाहुल्यांच्या साहाय्याने खेळावयाचे युद्धखेळ जन्मास आले. काल्पनिक सैन्यांचे, म्हणजे राक्षस, यक्ष, बुटके, पंख असलेले सर्प इत्यादिकांचे युद्धखेळ ही त्यांचीच एक भरभराटलेली शाखा होय.

या खेळाचे बाह्यस्वरूप प्रथम सांगितले पाहिजे. त्यात घरे आखलेला पट नसतो. साधारणतः सहा फूट लांब व चार फूट रुंद अशा मेजावर टेकड्या, झाडी, नदी, गावकूस यांच्या प्रतिकृती मांडतात आणि त्यांवर दोन्ही बाजूंची सैन्ये उभी करतात. बाहुल्या पूर्वी शिशाच्या असत. आता त्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात. खेळणारा त्या स्वतः रंगवितो. किती अंतर चालावयाचे ते फीतपट्टीने मोजतात आणि मार लागला की नाही ते फासे टाकून ठरवितात. उभ्या माणसाची उंची २८ मिलिमीटर हे माप सर्वांत रूढ आहे. १५, १० आणि ६ मिलिमीटरच्याही बाहुल्या मिळतात. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मराठी घरांना या खेळाचे निम्मे अंग मुळीच परके वाटू नये. फरक इतकाच, की आपल्या किल्ल्यावरील मातीचा मावळा दरवाजाहून उंच असतो, अळिवाच्या रानात तो कमरेपर्यंत बुडतो, आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. किल्ला मांडून झाला की आपला खेळ संपतो. युद्धखेळ मात्र तेथून सुरू होतो.

इतिहास थोडक्यात असा. प्रशियाच्या दरबारातील बॅरन फॉन राइसविट्झ याने १८१२ साली राजाला युद्धखेळाचे एक मेज करून दिले. त्याचा मुलगा सैन्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले व मेजाऐवजी लष्करी नकाशा वापरला. या मुलाची कल्पकता एका गोष्टीत होती : दोन्ही पक्षांनी सोंगट्यांना हात लावावयाचा नाही. त्यांनी आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यावयाचे. हुकूम घेऊन जाणाऱ्या स्वाराला किती वेळ लागेल याचा हिशेब पंच करी, आणि त्या त्या पक्षाला जेवढे दिसू शकेल तेवढेच त्याला दाखवी. पुढे १९१३ साली कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ घरात आणला. पण त्यांच्या खेळात कमानीच्या तोफेने खरोखरच लाकडी गोळी मारून शिपाई पाडावयाचे असत, आणि हुकूम पोहोचण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला. मध्ययुगीन लढायांच्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तकात १९७१ साली गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी जादूगार, अजस्र प्राणी व वीर यांची एक पुरवणी जोडली. १९८३ साली इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ निघाले आणि काल्पनिक सैन्यांचा खेळ जगभर पसरला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. दहा-वीस बाहुल्यांची चकमक कोणालाही चालविता येते. बाहुल्या दोनशे झाल्या की खेळाचे स्वरूपच पालटते. प्रत्येक बाहुली वेगळी उचलून, मोजून, पुढे ठेवावयाची म्हटले तर एकेका पाळीला अर्धा तास लागतो, आणि संध्याकाळ संपते तरी सैन्ये एकमेकांना भिडलेली नसतात. त्याहून मोठा दोष असा, की खेळणाऱ्याचे लक्ष सेनापतीच्या उंचीवर न राहता नाईक-हवालदाराच्या उंचीवर उतरते. दोनशे माणसांच्या पायांची काळजी एकट्याने वाहणारा माणूस सेनापती नव्हे.

यावरचा उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. महाभारतात अक्षौहिणीचे जे कोष्टक दिले आहे ते पुष्कळांना केवळ अतिशयोक्तीचा नमुना वाटते. परंतु त्याची रचना पाहावी. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पाच पायदळ मिळून एक पत्ती. तीन पत्तींचे एक सेनामुख, तीन सेनामुखांचे एक गुल्म. पुढे गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी अशा तिपटीतिपटीने चढत जावयाचे, आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे व १,०९,३५० पायदळ, एकंदर २,१८,७००. यातील आकडे कविकल्पनेचे असोत. तिपटीची शिडी मात्र व्यवहारातली आहे. कोणाही नायकाच्या हाताखाली तीनच एकके येतात. एका माणसाला तीन गोष्टी एका वेळी ध्यानात ठेवता येतात. तीनशे येत नाहीत.

मेजावर हीच शिडी बांधावी लागते. पाच-पाचच्या चार रांगा, अशा वीस बाहुल्या एका तबकावर चिकटवून ती एकच तुकडी मानावयाची. तबक सरकविले की वीस जण चालले. अशा तीन-चार तुकड्यांचे एक पथक, आणि तीन पथकांचे सैन्य : डावी बाजू, उजवी बाजू आणि मधला गोल. पिछाडीला काही राखून ठेवले तर उत्तमच. एका बाहुलीला हजार माणसे असे प्रमाण धरले तर संपूर्ण अक्षौहिणी सुमारे २१९ बाहुल्यांत मावते : बावीस रथ, बावीस हत्ती, सहासष्ट घोडे, एकशे नऊ पायदळ. कौरव-पांडवांच्या अठराही अक्षौहिणी मांडावयाच्या झाल्या तर मात्र बाहुल्या चार हजारांच्या घरात जातील, आणि तेवढ्या रंगविण्यास एक जन्म पुरणार नाही.

तुकड्या बांधल्याने हाताचे श्रम वाचतात. पण आज्ञेचा प्रश्न त्याने सुटत नाही. मेजावर वाकून पाहणाऱ्या खेळाडूला सर्व काही दिसते. टेकडीमागे दडलेले शत्रूचे घोडदळ त्याला दिसते, आणि त्याच क्षणी तो आपली दूरची तुकडी वळवितो. अशी गरुडाची दृष्टी आणि मनोवेगाची आज्ञा कोणत्या सेनापतीला लाभली होती? या ठिकाणी इंग्रजीतील ‘कमांड’ हा शब्द अनुवादकाला अडवितो. हुकूम देणे हाही त्याचा अर्थ, आणि हुकूम चालणे हाही. मराठीत आपण या दोन गोष्टी निराळ्या ठेवतो. हुकूम सोडला म्हणजे हुकमत चालली असे नव्हे. चांगले नियम याच फटीत शिरतात.

फिल बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉर्ड्स ऑफ द थिंग्ज’ या खेळातील युक्ती अगदी साधी आहे. पाळीच्या आरंभी सेनापतीने एक फासा टाकावयाचा. जितके दान पडेल तितक्याच हालचाली त्या पाळीत करता येतात. एकमेकांना लागून उभ्या असलेल्या तुकड्या एकत्र हलल्या तर ती एकच हालचाल धरतात. त्यामुळे ज्याने आपली रांग अभंग राखली त्याला एक दान पडले तरी चालते. ज्याचे सैन्य दहा ठिकाणी विखुरले त्याला सहा पडूनही पुरत नाहीत. शिस्तीचे महत्त्व सांगण्यासाठी याहून वेगळा उपदेश करावा लागत नाही. याच खेळात देवतेला आधीपासून मेजावर मांडता येत नाही. फाशावर सहा पडले तरच ती प्रकट होते. आपल्या पुराणांतील देवताही सेनापतीच्या सोयीने धावून येत नाहीत, हे लक्षात घेता हा नियम समर्पक वाटतो.

रिक प्रीस्टली यांच्या २००० सालच्या ‘वॉरमास्टर’मध्ये हे सूत्र आणखी पुढे नेलेले आहे. त्यातील बाहुल्या १० मिलिमीटरच्या, म्हणजे गव्हाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. सैन्य मात्र खरोखर सैन्यासारखे दिसते. प्रत्येक सरदाराला एक अधिकारांक असतो. समजा सेनापतीचा अंक नऊ आहे. एखाद्या तुकडीला हुकूम देताना दोन फासे टाकावयाचे. बेरीज नऊ किंवा कमी आली तर तुकडी हलते. तिलाच पुन्हा हलवावयाचे असेल तर अंक एकाने घटतो. तुकडी दूर असेल तर दर वीस सेंटिमीटरला आणखी एक वजा. शत्रू अगदी जवळ येऊन ठेपला असेल तरी एक वजा. आणि हुकूम एकदा फसला की त्या पाळीत त्या सरदाराचे तोंड बंद.

याचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी तीस जोड्यांची बेरीज नऊ किंवा कमी होते; म्हणजे पहिला हुकूम शेकडा ८३ वेळा चालतो. दुसऱ्या हुकुमास आठ लागतात. ते शेकडा ७२. तिसऱ्यास सात, ते शेकडा ५८. पण एकाच तुकडीकडून तिन्ही हुकूम लागोपाठ वठवावयाचे तर या तिन्हींचा गुणाकार करावा लागतो, आणि तो शेकडा ३५ येतो. प्रत्येक पायरी सोपी दिसते, जिना मात्र तिनांपैकी दोनदा कोसळतो. नवखा खेळाडू येथेच फसतो. आपला सगळा बेत तो एका पथकाच्या तीन दौडींवर उभारतो, आणि पहिल्या दौडीनंतर ते पथक उघड्या माळावर एकटेच उभे राहते. जाणता खेळाडू अत्यावश्यक हुकूम आधी देतो. हलले तर बरे, न हलले तरी चालेल, असे हुकूम शेवटी ठेवतो. प्रस्तुत अनुवादकाला हा नियम या सर्व वाङ्मयात सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

काही खेळाडू यावर नाराज होतात. आपल्या बुद्धीपेक्षा फाशालाच अधिक मान दिला आहे असे त्यांचे म्हणणे. त्यांनी बंगळूरच्या आसपासचा १७९१ सालचा इतिहास पाहावा.

त्या वर्षी टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, मराठे व निजाम एकत्र आले होते. लॉर्ड कॉर्नवॉलिस घाट चढून कोलार, होसकोटे या मार्गाने बंगळूरवर आला. आज के. आर. पुरमवरून होसकोट्याकडे जाणारा जुना मद्रास रस्ता त्याच दिशेचा आहे. सकाळच्या वेळी के. आर. पुरमच्या दोरखंडी पुलापाशी ज्याने वाहनांची रांग पाहिली असेल, त्याला सैन्याच्या रांगेविषयी निराळे सांगावयास नको. चौघे चौघे चालणारे दहा हजार शिपाई, ओळींत दीड मीटर अंतर धरले तरी, पावणेचार किलोमीटर पसरतात. पहिला शिपाई निघाल्यावर शेवटच्याचे पाऊल उचलावयास जवळजवळ तास जातो. त्यात तोफा, बैल आणि बाजारबुणगे धरलेलेच नाहीत.

२१ मार्चच्या रात्री बंगळूरचा किल्ला पडला. मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणावर चालून गेला. १५ मे रोजी अरकेरे येथे त्याने लढाई जिंकली. राजधानी समोर दिसू लागली. परंतु पाऊस, रोगराई आणि चाऱ्याचा दुष्काळ यांनी त्याचे बैल हजारोंनी मेले. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा मदतीस यावयाच्या होत्या. त्या कोठे आहेत याची कॉर्नवॉलिसला वार्ता नव्हती, कारण म्हैसूरच्या हलक्या घोडदळाने वाटेतले सारे जासूद अडविले होते. अखेर त्याने स्वतःच्या हाताने आपल्या किल्लेतोडू तोफा निकामी केल्या आणि तो माघारी फिरला. माघारीच्या वाटेवर काही घोडेस्वार पुढून येताना दिसले. प्रथम ते शत्रूचेच वाटले. ते मराठे होते. त्यांच्या मागोमाग प्रचंड फौज, आणि फौजेबरोबर धान्याने भरलेला बाजार होता. काही दिवस आधी एक पत्र पोहोचले असते, तर तोफा वाचत्या आणि वेढाही कदाचित तेव्हाच पडता; प्रत्यक्षात श्रीरंगपट्टणाचा तह व्हावयास १७९२ साल उजाडले.

यात मूर्ख कोणीच नव्हता. कॉर्नवॉलिस कसलेला सेनानी होता. हरिपंत व परशुरामभाऊ यांच्या योग्यतेविषयी मराठी वाचकास काही सांगण्याची गरज नाही. हुकूम आणि हुकमत यांच्यामधील फटीत काही स्वार अडकले, एवढेच. मेजावर तेच काम फासा करतो.

सेनापतीच्या जिवाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंनी गोलाची लढाई योजली होती : इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या आश्रयाने सर्वांनी रचना न मोडता सरकावयाचे. विंचूरकर व गायकवाड यांच्या घोडदळाने रचना सोडून पुढे धाव घेतली, हे सर्वश्रुत आहे. पराक्रम दाखविण्याच्या ऊर्मीने तुकडी आज्ञेबाहेर जाते ही गोष्ट ‘वॉरहॅमर’सारख्या खेळांतही आहे : काही बेफाम जातींच्या तुकड्या शत्रू टप्प्यात आला की खेळाडूला न विचारता तुटून पडतात. पुढे विश्वासराव पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला असे वर्णन आढळते. अंबारीतला पुरुष दिसणे हाच ज्या सैन्याला शेवटचा हुकूम, त्याने तो उतरल्यावर काय करावे? ‘वॉरमास्टर’मध्ये सेनापती मेला की लढाई तेथेच संपते. हा नियम कठोर आहे, पण खोटा नाही.

एवढे सारे इतिहासाच्या आधारे सांगता येत असताना राक्षस आणि पंखांचे सर्प कशाला हवेत, असा प्रश्न गंभीर वाचक विचारील. त्याला उत्तर घटोत्कचाने दिलेले आहे. भारतीय युद्धाच्या चौदाव्या रात्री तो कौरवसैन्यात असा शिरला की कर्णाला इंद्राने दिलेली अमोघ शक्ती त्याच्यावर टाकावी लागली. ती एकदाच वापरता येणारी होती, आणि कर्णाने ती अर्जुनासाठी जपून ठेविली होती. मरताना घटोत्कचाने देह वाढविला आणि पडता पडता कौरवांची एक अक्षौहिणी चिरडली. पांडव शोक करीत होते तेव्हा श्रीकृष्ण मात्र आनंदला. त्याच्या दृष्टीने सौदा फायद्याचा झाला होता. काल्पनिक सैन्याच्या सेनापतीला नेमका हाच हिशेब करावा लागतो. त्याच्याजवळ एखादा अजस्र प्राणी असतो, त्याची किंमत दोन तुकड्यांइतकी असते. त्याला शत्रू मारण्यासाठी धाडावयाचे, की शत्रूचे एकुलते एक अस्त्र खर्ची घालण्यासाठी? साध्या ऐतिहासिक सैन्यांत असे प्रश्न इतक्या उघड्या स्वरूपात क्वचितच उभे राहतात. तथापि अशा वीरांचा अतिरेक झाला की सैन्य मागे पडते. चार महारथी लढतात आणि दोनशे रंगविलेल्या बाहुल्या प्रेक्षक होतात. तसला खेळ मांडणाऱ्याने सरळ कुस्तीचा आखाडा मांडावा.

ज्यांना प्रयोग करून पाहावयाचा आहे त्यांना १७९१ चा मे महिनाच काल्पनिक वेषात मांडता येईल. दोन खोल्या घ्याव्यात. एका मेजावर मानवांच्या राजाचे सैन्य राक्षसनगरीसमोर उभे करावे. दुसऱ्या खोलीत त्याच्या मित्राचे, समजा यक्षांचे, घोडदळ व धान्याच्या गाड्या ठेवाव्यात. राक्षसांची बाजू तिसऱ्याने घ्यावी आणि चौथ्याने पंच व्हावे. दोन्ही मित्रांनी परस्परांशी बोलावयाचे नाही. चिठ्ठी लिहून पंचाकडे द्यावयाची. राक्षसाने आपल्या हलक्या स्वारांच्या जितक्या तुकड्या रस्त्यांवर पाठविल्या असतील तितके फासे पंचाने प्रत्येक चिठ्ठीमागे टाकावेत. एकावरही पाच किंवा सहा पडले की चिठ्ठी राक्षसाच्या हाती जाते. अशी एकच तुकडी असेल तर तिघांपैकी दोन चिठ्ठ्या पोहोचतील, तीन असतील तर दहांपैकी तीनच. मात्र जेवढे स्वार रस्त्यांवर, तेवढे ते नगरीच्या रक्षणास उणे, हे राक्षसाने विसरू नये. मानवांच्या बैलांसाठी वाटाण्याचे दाणे मोजून ठेवावेत आणि दर पाळीला दोन उचलावेत. दाणे संपले की तोफा मेजावरून काढावयाच्या. पहिल्या खोलीतला खेळाडू आता दर पाळीला दोनच गोष्टी पाहू लागतो : वाटीत दाणे किती उरले, आणि दाराशी पंच उभा आहे का.